पंखा बंद होईपर्यंत

बुवांच्या शेडमधला पंखा दुरुस्त करायचा नाही, असा सक्त हुकूम होता. उभा पंखा होता तो, मान हलवणारा. मान डावीकडे पूर्ण वळली की खट्ट करायचा आणि उजवीकडे परत जाताना बारीक कुरकुरायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शहाणपणा करून म्हटलं, बुवा, दोन थेंब तेल घातलं तरी गप्प बसेल हा. तर बुवांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या तानपुऱ्याच्या तारा कापायला निघाले होते.

"त्यो गप बसला तर मला कळायचं कसं?" ते म्हणाले.

काय कळायचं, हे मला कळायला बराच वेळ लागला. तोवर मी दोनदा काम सोडून जायचं ठरवलं होतं आणि दोन्ही वेळा पुढच्या शनिवारी स्कूटर काढून भीमेचा पूल ओलांडला होता.

बुवा इनामगावचे. घोड नदीच्या काठाला त्यांचं रान, रानात कांदा, दारात चार शेळ्या आणि रानाच्या कडेला कोंबड्यांची बंद पडलेली लांबलचक शेड. दोन पिढ्यांमागे त्या घरात मेंढरांशिवाय काही नव्हतं. तिथून हा माणूस पुण्याला जाऊन वर्षानुवर्षं गुरूपाशी शास्त्रीय गाणं शिकला, स्वतःच्या बंदिशी बांधायला लागला आणि पुढे सिनेमाला संगीत देऊ लागला. हे सगळं कसं जमलं, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. मला मिळालेलं उत्तर होतं, "मेंढरं गेली, आवाज ऱ्हायला."

मी तेव्हा दौंडला एका शाळेत संगीत शिकवत होते आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होते. बुवांना कॉम्प्युटर येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता. ध्वनिमुद्रण जुळवायला, तुकडे सिनेमावर बसवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं. ते नाव बुवांनी एकदा ऐकलं आणि त्यानंतर कधी घेतलं नाही.

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. ज्या गावचा माणूस ते त्याचं नाव. मी दौंड. गुऱ्हाळावर काम करणारा छपरा गावचा एक बिहारी गडी होता, तो छपरा. मुंबईचे दिग्दर्शक एकामागून एक येऊन गेले, ते सगळे मुंबई. "मुंबई, तुमी जरा गप बसा," असं ते भल्याभल्यांना म्हणत आणि भलेभले गप्प बसत. अपवाद फक्त सिंधूमामींचा. शेजारच्या रानातल्या या बाई साऱ्या गावाच्या मामी होत्या. त्यांचं माहेर निमोण्याचं, पण त्यांना निमोणे म्हणायची बुवांची छाती नव्हती.

बुवांचा मोबाइल मामींकडे असायचा. त्याची रिंग बुवांच्या षड्जाच्या जवळची, पण जराशी चढी होती. "ह्यो वाजला की माझा सा हालतो," असं म्हणून त्यांनी तो कायमचा मामींच्या हवाली केला होता. त्यामुळे बुवांकडून संगीत करून घ्यायचं तर आधी मामींशी बोलावं लागायचं. मी एकदा तिथेच होते. पलीकडून कुणी मोठा निर्माता बोलत असावा. मामी शेळीला पाला टाकत त्याला विचारत होत्या, "बुवा रानात हायेत. तुमच्या पिच्चरमदी शेवटाला कोण मरत न्हाई ना? मरत आसंल तर आताच सांगा. परवाच एक बघितलाय तसला."

पुण्यामुंबईत कुणी घराणं विचारलं की बुवा इनामगाव म्हणायचे. विचारणारा गोंधळला की समजावून सांगायचे. "आमच्या नदीकाठी पांढरीचं टेकाड हाय. सरकारनं खोदलं तवा हजारो वर्षांमागची घरं निघाली, मडकी निघाली, मडक्यात पुरलेली लेकरं निघाली. आता जिथं लेकरू हाय तिथं त्याला निजवायला कुणीतरी गुणगुणलं आसंलच की. त्येच आमचं घराणं. तुमचं किती जुनं हाय?" समोरचा हसायचा. बुवा हसायचे नाहीत. पहाटेचा रियाज ते त्या टेकाडाच्या अंगालाच बसून करायचे आणि मी कधी लवकर पोचले तर रस्त्यावरूनच त्यांचा खर्ज ऐकू यायचा.

आता त्यांच्या कामाची तऱ्हा. दिग्दर्शक कच्चा सिनेमा पेन ड्राइव्हवर घेऊन यायचा, कारण लिंक पाठवली तर इनामगावच्या नेटवर्कवर ती उघडेपर्यंत त्याचा दुसरा सिनेमा तयार झाला असता. दुपारी शेडच्या जाळ्यांवर ताडपत्र्या बांधून अंधार करायचा. एका टोकाला पांढरी चादर, माझा लॅपटॉप, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर. समोर सतरंजीवर मंडळी बसायची. सिंधूमामी, मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेले तुकाआबा, छपरा आणि त्या दिवशी हाताला काम नसलेलं कुणीही. बुवा मात्र चादरीला पाठ लावून, मंडळींकडे तोंड करून बसत. सिनेमाकडे ते चुकूनसुद्धा बघत नसत. चादरीवरचा उजेड लोकांच्या तोंडांवर पडायचा आणि बुवा ती तोंडं बघत राहायचे.

"चित्रात काय हाय त्ये चित्रवाल्यानं बघावं," ते म्हणायचे. "त्याचं माणसात काय हुतंय, त्ये मला बघायचंय."

बघता बघता मध्येच ते "इथं" म्हणायचे. मी लॅपटॉपवर खूण करायची. एखाद्या ठिकाणी मामींनी पदर नीट केलेला असायचा किंवा आबांनी पाय बदललेला असायचा. मला आधी त्यात काही दिसायचं नाही. छपराला मराठी अर्धंमुर्धं कळायचं, म्हणून एका दिग्दर्शकाने त्याच्या बसण्याला हरकत घेतली होती. बुवा म्हणाले, "त्याला बोलणं कळत न्हाई म्हणूनच बसवलाय. तुमी लिव्हलेल्या बोलण्यानं त्यो फसत न्हाई." छपराने आपल्याविषयी काहीतरी चाललंय हे ओळखून विचारलं, "पिक्चर अच्छा है साहब, लेकिन इसमें खाना कोई नहीं खाता क्या?" दिग्दर्शकाने मान हलवली आणि खरंच, पुढच्या वेळी आला तेव्हा सिनेमात एक जेवणाचा प्रसंग वाढलेला होता.

मग बुवा चालींना बसायचे. पंधरवडा, कधी महिना. नंतर संगीत चढवून तोच सिनेमा, तीच मंडळी, तीच भर दुपार आणि तो पंखा. सगळी गंमत तिथे होती. मंडळी सिनेमात खरोखर शिरली की ती खट्ट त्यांना खुपायला लागायची आणि न सांगता कुणीतरी हात लांब करून पंखा बंद करायचं, शेडचे पत्रे तापलेले असताना. तसं झालं की बुवा त्या तुकड्याला पुन्हा हात लावत नसत. पंखा चालूच राहिला तर तुकडा पहिल्यापासून. मंडळींना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि बुवांनी मला शपथ घातली होती. "कळलं तर मामी मला बरं वाटावं म्हणून पयल्या मिनिटालाच बंद करंल," ते म्हणाले.

पुढे पुढे हे माप त्यांनी सगळ्या जगाला लावलं. पुढाऱ्याचं तासभर भाषण झालं की माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "पंखा चालूच व्हता की गं." मामींनी खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बंद झाला." तोंडी स्तुतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पुरस्कार द्यायला लोक यायचे, चांगलं चांगलं बोलायचे. बुवा ऐकून घ्यायचे आणि ते गेल्यावर म्हणायचे, "बोलायला काय जातंय."

इतके सिनेमे केले, पण स्वतःचा एकही सिनेमा त्यांनी बघितलेला नव्हता. एकदा मामींनी हट्टाने शिरूरच्या थिएटरात नेलं. मीही होते. बुवा मुद्दाम पहिल्या रांगेत बसले आणि दिवे गेल्याबरोबर खुर्चीवर उलटे होऊन, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून मागच्या लोकांकडे बघायला लागले. मध्यंतराच्या आधीच तक्रार गेली, की छातीपर्यंत दाढी असलेला एक माणूस बायकांच्या तोंडाकडे टक लावून बघतोय. मॅनेजर बॅटरी घेऊन आला. बुवा त्यालाच म्हणाले, "सरका की, तिसऱ्या रांगंतल्या बाईचं तोंड दिसंना." शेवटी मामी उभ्या राहिल्या आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवो, ह्ये वाजतंय त्ये त्येंनीच वाजवलंय. त्येंचंच घर हाय समजा." मॅनेजरला ते पटलं नाही. आम्ही तिघं बाहेर येऊन भेळ खाल्ली आणि बुवा तिसऱ्या रांगेतल्या बाईबद्दल फार खूश होते.

त्यांचं नाव झालं ते दोन भावांच्या सिनेमाने. तो करणारा मुंबई वयाने तरुण, हुशार आणि कष्टाळू होता, दर वाक्याला बेसिकली म्हणायचा. येताना बुवांसाठी नवा कोरा पंखा घेऊन आला. आवाज न करणारा. बुवांनी आनंदाने घेतला आणि शेळ्यांच्या गोठ्यात लावला. "माशा लई चावत्यात त्येंना," ते म्हणाले. बिचारा मुंबई येता-जाता गोठ्यापाशी थांबून तो फिरणारा पंखा बघायचा.

त्या सिनेमात एक प्रसंग होता. दोन म्हातारे भाऊ, कित्येक वर्षांचा अबोला. थोरला अंथरुणाला खिळलेला. एक दिवस धाकटा वाटीत पाणी आणि वस्तरा घेऊन येतो आणि काही न बोलता थोरल्याची दाढी करतो. बस्स, एवढंच. दोघांच्या तोंडी एक शब्द नाही. मुंबईने तिथे नमुन्यादाखल कुठून तरी उचललेली ढीगभर व्हायोलिनं घातली होती आणि त्याला तसंच काहीतरी ग्रँड हवं होतं.

बुवांनी आधी सारंगी घातली. मामींनी जांभई दिली. मग नुसती बासरी घातली. छपरा सरकत सरकत वाऱ्याच्या झोतात जाऊन बसला. पंखा खट्ट खट्ट करत राहिला. बुवांचं तोंड उतरलं. मुंबई समजुतीने म्हणाला, "सर, बेसिकली चांगलंच आहे की." बुवा म्हणाले, "मंडळी चांगली हायेत, सीन चांगला हाय. चुकतंय ते माझंच."

दुसऱ्या दिवसापासून ते घरी सापडेनात. नंतर कळलं, की रोज एसटीने शिरूरला जाऊन एका सलूनमध्ये बसतात. एवढी दाढी बघून सलूनवाल्याला पहिले दोन दिवस फार आशा होती. बुवा नुसते कोपऱ्यात बसून लोकांच्या दाढ्या ऐकायचे. एक दिवस परत आले ते चपला न काढताच शेडमध्ये शिरले. "दौंड, वस्तरा लयीत चालतोय. तीन वढी, मग पुसायचा, मग उचलायचा. रूपक हाय गं त्यो."

रूपक हा सात मात्रांचा ताल, तीन-दोन-दोन असा. इतर तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ठाम ठोका पडतो. रूपकात नेमकी तिथेच खाली असते. जिथे जोर यायचा तिथे तबलजीचा हात हलका होतो. बुवांनी वस्तरा गालावर टेकण्याचा क्षण त्या हलक्या मात्रेवर आणून ठेवला. तबल्याचा साधा ठेका आणि त्यावर स्वतःच्या आवाजात, शब्दांशिवाय, तोडी रागातलं गुणगुणणं. मी म्हटलं, बुवा, ही चाल तुम्हाला किती पटकन सुचली. ते म्हणाले, "आजची न्हाई. लई दिवस पडून व्हती."

तिसऱ्या खेपेला धाकट्याने थोरल्याची हनुवटी धरली, वस्तरा टेकवला आणि तुकाआबांनी चादरीवरची नजर न काढता हात मागे नेऊन पंख्याची वायरच ओढली. पंख्याची मान अर्ध्यात थांबली. आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मुंबई रडत होता. बुवा एवढंच म्हणाले, "मामी, चहा टाका."

एवढं सगळं असून या माणसाला एक गोष्ट हवी होती आणि ती मिळत नव्हती. त्याबद्दल ते आढेवेढे घेत नसत.

त्यांचे गुरुजी पुण्यातले. फार कडक, सिनेमाच्या गाण्याचं नाव काढलेलं न खपणारे. बुवांची तालीम गुरुवारी असायची. पहिल्या सिनेमाचं कुणीतरी गुरुजींच्या कानावर घातलं आणि पुढच्या गुरुवारी दार उघडलं ते थोरल्या शिष्येने. तिला सगळे ताई म्हणत. ताई म्हणाल्या, "आज तालीम नाही." त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. बुवा जात राहिले आणि ताई दारात उभ्या राहून तेवढंच वाक्य सांगत राहिल्या. रागावल्या नाहीत की आत या म्हणाल्या नाहीत. एका गुरुवारी बुवा गेले नाहीत. त्यानंतर गुरुजींशी त्यांची भेट झाली नाही.

गुरुजी गेल्यावर ताईंनी त्यांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम सुरू केला. दरवर्षी एप्रिलात, दिवसभर, एकामागून एक सगळे शिष्य गातात. बुवांना बोलावणं नसे. तरी ते दरवर्षी पहिल्या एसटीने जायचे, चपलांच्या मांडणीजवळ भिंतीला टेकून सकाळपासून शेवटच्या भैरवीपर्यंत ऐकायचे आणि घरी यायचे. एकदा मी चिडून विचारलं, की बोलावत नाहीत तिथे जायचं कशाला.

"गुरुजींचं गाणं तिथं गातेत, म्हणून," ते म्हणाले. मग शेळीच्या अंगावरचं गोचीड काढत पुढे म्हणाले, "आन् मला वाटतं, येकदा मला म्हणावं त्येंनी, तू बी बस. येकदा ताईंनी माझं ऐकावं. वाटतं तर वाटतं. त्यात लाजायचं काय?"

मला त्या दिवशी त्या न बघितलेल्या ताईंचा खूप राग आला. अजून थोडा आहे.

मग एका एप्रिलात मामींकडच्या मोबाइलवर फोन आला. सकाळी गाणाऱ्या कुणाला तरी ताप आला होता. ताईंची एक शिष्या बोलत होती. आठची वेळ, अर्धा तास आणि ताईंचा निरोप, की सिनेमातलं काही गायचं नाही. मामींनी बुवांना न विचारताच सांगून टाकलं, "येतील की. आमी बी येतो. जेवण हाय का तिथं?" नंतर त्यांनी ही बातमी बुवांना दिली तेव्हा बुवा कांद्याच्या वाफ्याला पाणी धरत होते. ते पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं विसरले आणि वाफा फुटून वाहायला लागला.

तुकाआबांच्या जावयाचा पिकअप होता. पहाटे निघालो. पुढे जावई, बुवा आणि मांडीवर तानपुरा घेतलेली मी. मागे सतरंजी टाकून मामी, आबा आणि गुऱ्हाळावरून सुट्टी काढून आलेला छपरा. काय गाणार, हे बुवांनी मला सांगितलं नव्हतं. तानपुऱ्याचा सूर तेवढा मिळवून घेतला.

हॉल जुना, पत्र्याच्या छताचा. सकाळी आठलाच आत उकडत होतं. बाहेर कुणी फुलांच्या माळा बांधत होतं, मागे खुर्च्या लावायचं काम चाललं होतं. समोर मोजकी माणसं. पहिल्या रांगेत ताई. ऐंशीच्या पुढच्या, काडीसारख्या बारीक, मान खाली, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर. कुणीही गायला तरी त्या वर बघत नाहीत, असं मी ऐकलं होतं. त्यांच्या डोक्यावर लांब दांडीचा पंखा कुरकुरत फिरत होता. मी तानपुरा घेऊन बुवांच्या मागे बसले. त्यामुळे मला बुवांचं तोंड दिसत नव्हतं आणि श्रोत्यांची सगळी तोंडं दिसत होती. बाजूने जेवढं दिसलं त्यावरून कळलं, की बुवांनी डोळे घट्ट मिटलेत. जन्मभर लोकांची तोंडं बघत आलेल्या माणसाला त्या दिवशी एकाही तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही.

तोडीचा आलाप झाला. तबलजीने रूपक धरला. बुवांनी बंदिशीचा मुखडा घेतला आणि माझी बोटं तारांवर अडखळली. चाल वस्तऱ्याची होती. तीच ती, फक्त आता तिला शब्द होते. रुसलेल्या माणसाला विनवणं चाललं होतं, की रागावलास तर रागावून बोल, पण बोल. सिनेमातलं गायचं नाही म्हणून सांगितलेलं असताना बुवा नेमकं तेच गात होते. मी घाबरून ताईंकडे बघितलं. मागे मामींनीही चाल ओळखली होती, कारण त्यांनी आबांना कोपराने ढोसलेलं मला दिसलं.

ताईंची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मुखडा दुसऱ्यांदा आला आणि समेवर तबलजीचा हात हलका झाला, तेव्हा बोटं थांबली. त्यांनी मान वर केली. आधी बुवांकडे बघितलं, मग वर, पंख्याकडे. आणि शेजारच्या मुलीला हाताने खूण केली. मुलगी गोंधळली, तेव्हा ताईंनी पुन्हा खूण केली. मुलीने जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा रेंगाळत थांबला आणि पत्र्याखालच्या त्या उकाड्यात फक्त बुवांचा आवाज राहिला.

गाणं संपल्यावर बुवांनी लांबूनच नमस्कार केला. ताईंनी मान हलवली. बुवा चपलांच्या मांडणीजवळ आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. मी तानपुऱ्याला गवसणी घालत होते तेव्हा ताई त्या मुलीचा हात धरून माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "वस्तरा रूपकात बसवायचं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्याला सांगू नकोस, डोक्यात हवा जाईल त्याच्या."

परत निघालो तेव्हा ऊन कलत होतं. नगर रस्त्याची गर्दी पार करून शिक्रापूर आलं. मागे मामी जेवणातल्या जिलबीबद्दल छपराशी बोलत होत्या. मला राहवेना.

"सिनेमातलं नको म्हणाल्या होत्या ना ताई?"

"सिनेमातलं कुठं गायलो? त्या दारातनं परत येताना एसटीत बांधलेली बंदिश हाय ती. मधी सिनेमात गेली व्हती. परत आली."

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "तोंडं बघितलीस का गं?"

ताईंनी सांगू नको म्हटलं होतं, म्हणून मी त्यांचं वाक्य शब्दन्‌शब्द सांगितलं. बुवा वळून माझ्याकडे बघायला लागले. "सिनेमा बघितला त्येंनी?" ते म्हणाले. "एवढ्या म्हाताऱ्या बाईला थेटरात कुणी नेलं आसंल?" थोडा वेळ त्यांना फार आनंद झाला. मग सवयीप्रमाणे म्हणाले, "बोलायला काय जातंय."

न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मधी लाइट गेली व्हती व्हय तिथं?"

"नाही. का?"

"मला पंख्याची कुरकुर येत व्हती. मग यायची बंद झाली. मला वाटलं लाइट गेली."

"लाइट होती, बुवा. ताईंनी पंखा बंद करायला लावला."

जावयाने पुढचा ट्रॅक्टर मागे टाकला.

"या उन्हाळ्यात?" बुवा म्हणाले.

"या उन्हाळ्यात."

"मग घाम आला आसंल त्येंना."

"आला असणार. पदराने तोंड पुसत होत्या."

"घामच पुसत व्हत्या ना?"

"ते मला एवढ्या लांबून कळलं नाही," मी म्हणाले.

बुवांनी मान डोलवली. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने त्यांची दाढी उडत होती, माझ्या मांडीवरची तानपुऱ्याची गवसणी फडफडत होती. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"लई उकडतंय," ते पंच्याआडून म्हणाले.